गूळपाण्याचा हात

कमळाबाई धवलारणीला मांडवातून उठवून घरी बसवलं असतं, तर डॉक्टर धर्मराज शेवाळे यांचा फायदाच फायदा होता. अलिबागला बसणाऱ्या जिल्ह्याच्या साहेबांची शाबासकी मिळाली असती. शाबासकीचं शेपूट धरून पुण्याकडची बदली आली असती. बदली आली की कुमुदचा, म्हणजे पुण्यात शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या बायकोचा, रुसवा गेला असता. सासूबाईंचं तोंड बंद झालं असतं, ही तर वरकड कमाई. आणि तोट्याच्या बाजूला काय? उंबरटोकच्या एका म्हातारीचं गाणं. देशावरून आलेल्या डॉक्टरांना आगरी गाणं अर्धंच कळायचं, तेव्हा तोटाही अर्धाच धरायला हरकत नव्हती.

उंबरटोक हे पनवेलच्या खाडीकाठचं गाव. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, मध्ये कौलारू घरं आणि नवं शहर येणार म्हणून घाईघाईनं बांधायला काढलेली, वर सळ्या उघड्या राहिलेली स्लॅबची घरं. गावाच्या तोंडाशी सरकारी आरोग्य केंद्र. डॉक्टर तिथं राहत, जेवत आणि बदलीची वाट बघत.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गावात मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. आधी एका घरी, मग दुसऱ्या, मग खाडीपलीकडच्या पाड्यावर. डॉक्टरांनी पुस्तकात लिहिलेलं सगळं केलं. विहिरीत पावडर टाकली. पाण्याला वास येतो म्हणून बायका तळ्याचं पाणी भरायला लागल्या, तेव्हा तळ्यावर माणूस बसवला. माणूस जेवायला गेला की बायका पाणी भरून मोकळ्या. गोळे-सरबताच्या गाड्या बंद केल्या, त्या पोलीसपाटलाच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, कारण तिथं सावली होती आणि पोलीसपाटलाला सरबत आवडायचं. ताप मात्र कुणाचं ऐकेना.

गावाला तापाचं कारण डॉक्टरांच्या आधीच सापडलं होतं. ज्या घरात नवी सून आली तिथं ताप आला, म्हणजे सुनेचा पाय पांढरा. ज्या घरातून लेक सासरी गेली तिथं आला, तर लेकीबरोबर घरची लक्ष्मी गेली. ताप कुठूनही येवो, त्याचा पत्ता शेवटी एखाद्या पोरीच्या नावावरच निघायचा. या निदानाला ना बाटली लागत होती ना प्रयोगशाळा.

डॉक्टर हे ऐकून चिडायचे. पण एका दुपारी तापाच्या घरांची फेरी करताना त्यांच्या लक्षात आलं की गाव अगदीच चुकीचं बोलत नाहीये. ज्या ज्या दारात ते वाकून आत शिरत होते, त्या प्रत्येक दाराच्या बाजूला भिंतीवर हळदीच्या पंजाचे ठसे होते, नुकतंच लग्न झाल्याची खूण. ज्या घरांवर ते नव्हते तिथं तापही नव्हता.

त्यांनी हे सुनिता सिस्टरला सांगितलं. सुनिता पनवेलची, रोज एस.टी.नं यायची, आणि गावात कुठल्या चुलीवर काय शिजतंय ते तिला पाटलाच्या आधी कळायचं. तिनं डोकं खाजवलं. लग्नातल्या जेवणानं म्हणावं तर शेकडो माणसं जेवून गेली, ती सगळी धडधाकट. आजारी पडली ती फक्त घरची.

"सर, घरचीच माणसं घेतात आणि पाहुणे घेत नाहीत असं एकच असतं," ती म्हणाली. "कमळामावशीचं गूळपाणी."

धवलारीण म्हणजे काय ते डॉक्टरांना इथं आल्यावर समजलं होतं. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो उशिरा. त्याच्या आधी सगळा कारभार धवलारणीच्या हाती. ती धवले गाते. हळद दळण्यापासून उंबराची फांदी आणण्यापर्यंत एकेका कामाचं गाणं तिला तोंडपाठ असतं, आणि ते गायल्याशिवाय ते काम झालं असं कुणी धरत नाही. कमळाबाई या पट्ट्यातली नावाजलेली. उंची बेताची, आवाज खाडीपार जाणारा. नवऱ्यामुलाची मावशी कुठं उभी राहील, मानाचा नारळ कुणाला, यावरून भावाभावांत हाणामारी व्हायची वेळ आली की ती गाणं न थांबवता डाव्या हातानं माणसं इकडची तिकडं सरकवायची. तिची आणखी एक खास रीत होती. तिच्या सासूनं घालून दिलेली. मांडवात बसायच्या आधी ती तांब्याच्या कळशीत गूळ टाकायची, कोपरापर्यंत बांगड्या मागे सारून स्वतःच्या हातानं तो पाण्यात कुस्करायची, आणि घरच्या प्रत्येकाला ओंजळ ओंजळ पाजायची. गोड तोंडानं कार्याला बसा, एवढाच त्याचा अर्थ. कच्चं पाणी, कच्चा गूळ, आणि तिचा हात.

सुनितानं पुढचंही शोधून आणलं. गेल्या दिवाळीनंतर कमळाबाईला असाच लांबलेला ताप येऊन गेला होता. तिनं तो अंगावर काढला आणि बरी झाली. काही माणसं बरी होतात पण रोग त्यांच्या पोटात बिऱ्हाड करून राहतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. अशा माणसाला स्वतःला काही होत नाही. त्याच्या हातचं खाणाऱ्याला होतं.

आता तपासणी हवी होती. आणि तपासणीसाठी लागणारा परसाकडचा नमुना कमळाबाईकडे मागायचा कसा, हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता.

डॉक्टर आणि सुनिता गेले तेव्हा ती अंगणात सुकट निवडत बसली होती. सुनितानं बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग डॉक्टरांनी एका दमात सांगून टाकलं. कमळाबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू लग्नात कुणीतरी नवरी यायच्या आधीच अक्षता टाकल्या. मग तिनं पोटभर शिव्या दिल्या. डॉक्टरांना अर्ध्याच कळल्या, सुनितानं उरलेल्या सांगितल्या नाहीत. डॉक्टरांनी साथीचा कायदा काढला. इंग्रजांच्या वेळचा आहे, म्हणाले, पण अजून चालतो.

"तुजा कायदा मना धरून नेल का?" तिनं विचारलं.

"नेऊ शकतो."

"नेलान तं माजे बदली मांडवान कोन गाईल? तू?"

कमळाबाईनं सुकटीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"मी देईन," ती म्हणाली. "पन एकली नाय देनार. लग्नघरान ज्यानी ज्यानी भांड्यान हात घातला, त्या सगल्यांनी दिला पायजे. रांधनाऱ्यांनी, वाढनाऱ्यांनी. बुधाजी पाटलानी बी, त्याला वाढाची लय हौस. आन तू बी. पाटलाचे घरी तू स्वताच्या हातानी तीन वेला वाढून घेतलंस, मी बगलंय."

कायद्यात असं काही नव्हतं. पण कायद्यात त्याच्या विरुद्धही काही नव्हतं, आणि डॉक्टरांना आतून कुठंतरी वाटलं की म्हातारीनं बोट बरोबर जागेवर ठेवलंय. एकाच माणसाच्या दारात सरकार उभं राहिलं तर तो चोर ठरतो. सगळ्यांच्या दारात उभं राहिलं तर ती तपासणी होते. त्यांनी कबूल केलं.

मग उंबरटोकमध्ये जे झालं त्यावर गाव पुढं बरीच वर्षं हसलं. रिकाम्या बाटल्या घरोघर गेल्या. बुधाजी पाटील, म्हणजे सरबत आवडणारे पोलीसपाटील, यांनी आपल्या पदाला हे शोभत नाही अशी तक्रार केली. त्यांना सांगण्यात आलं की डॉक्टरांनी सगळ्यात आधी दिलीय. तेव्हा पाटलांनी नाकारलेली बाटली परत मागितली आणि एकदाची भरून दिली. सुनितानं सगळ्या बाटल्या डब्यात भरून मुंबईला पोचवल्या. एस.टी.त शेजारच्या बाईनं डब्यात काय आहे म्हणून विचारलं, तर ती लोणचं म्हणाली. बाईनं कसलं, हेही विचारलं.

निकाल आला. पाटील निर्दोष, डॉक्टर निर्दोष, आचारी निर्दोष. फक्त एका बाटलीत रोग निघाला.

आता डॉक्टरांच्या हातात दोन वाटा होत्या. अलिबागला नाव कळवायचं, बाईला दवाखान्यात नेऊन ठेवायचं, आणि शाबासकीची वाट बघायची. ही वाट सरळ होती, वर सांगितलेल्या सगळ्या फायद्यांची होती, आणि कुणी त्यांना नावही ठेवलं नसतं. पण जीपमधून कमळाबाईला नेताना गाव काय म्हणेल, हे त्यांना बसल्या जागी ऐकू येत होतं. गावाला पोटातला जंतू कळणार नव्हता. गावाला एकच शब्द कळणार होता, भुताळी. तो एकदा चिकटला की कुठल्याही औषधानं उतरत नाही.

म्हणून ते सुनिताला घेऊन संध्याकाळी तिच्याकडे गेले आणि तिघांत ठरवलं. पनवेलच्या औषधांच्या दुकानात एक नवी गोळी आली होती. ती कमळाबाईनं महिनाभर न चुकता घ्यायची, सुनितासमोर. गूळपाण्याला हात लावायचा नाही, रांधायला बसायचं नाही. बाकी गायला मोकळी. मांडवात बसायला, माणसं सरकवायला, नवरीला रडवायला मोकळी. आणि ही गोष्ट तिघांबाहेर जाणार नाही.

कमळाबाईनं स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. हळदीनं त्यांच्या रेषा कायमच्या पिवळ्या झाल्या होत्या.

"मना तं कायच होत नाय," ती म्हणाली. मग तिनं हात पुढं केला. "दे गोली."

गावाला तिनं सांगितलं की यंदा देवापुढं हाताचा नेम धरलाय, गूळपाणी घरच्या सासवेनं पाजावं. पाणी उकळून गार केलेलं हवं हे सुनितानं त्या नेमात हळूच घुसडलं, आणि नेम म्हटल्यावर कुणी का म्हणून विचारलं नाही. डॉक्टरांच्या सांगण्यानं ज्या बायका एक हंडा उकळायला तयार नव्हत्या, त्या देवाच्या नावानं चार हंडे उकळायला लागल्या. त्यानंतरच्या लग्नघरांत ताप आला नाही. अलिबागहून विचारणा आली की साथीचं मूळ सापडलं का. डॉक्टरांनी सापडलं आणि आवरलं असं लिहिलं. नाव लिहिलं नाही.

ते मनातून खूश होते. लोकही वाचले, बाईही वाचली. तराजूची दोन्ही पारडी एका रेषेत उभी. असं समाधान सरकारी नोकरीत क्वचित मिळतं, म्हणून त्यांनी ते थोडं जपून जपून चाखलं. पण तराजू कुणाच्या तरी हातात धरलेला असतो आणि त्या हाताला कळ लागते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

तो हात होता मैनाचा. मैना सुकापूरची, चैत्रात लग्न होऊन बुधाजी पाटलांच्या घरात आलेली. कमळाबाईनंच तिच्या सासरच्या मांडवात गूळपाणी पाजलं होतं, नेम धरायच्या आधी. मैना लग्न लागल्यावर घरात आली, म्हणून ती त्या ओंजळीतून सुटली. नवरा गोरख सुटला नाही. हळद उतरते न उतरते तोच त्याला ताप चढला. तो उठतो आहे तोवर धाकटा दीर दत्ता पडला, आणि दत्ताचं दुखणं वाढत जाऊन त्याची शुद्ध हरपली, त्याला पनवेलच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. घरातली दोन्ही पोरं तापली, नवी सून मात्र टुणटुणीत. गावाच्या निदानाला याहून पक्का पुरावा कुठला हवा होता? दत्ता शुद्धीवर यायच्या आत मैनाला ट्रंकेसकट सुकापूरला पोचवण्यात आलं. आता गावकी बसवून सोडचिठ्ठी करायची असं पाटील बोलत होते. गोरख काही बोलत नव्हता. तो आजारातून उठला होता आणि त्याला अशक्तपणा होता, असं त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

डॉक्टर पाटलांकडे गेले. पाण्यातून ताप कसा येतो ते समजावलं. पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डाक्तर, विहीर सगल्या गावाची येकच," ते म्हणाले. "मंग ताप माज्याच घरान कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांच्या जिभेवर होतं. अगदी टोकाला. त्यांनी ते गिळलं आणि विहिरीबद्दल आणखी दोन वाक्यं बोलले, जी त्यांची त्यांनाच पटली नाहीत. परतताना त्यांच्या लक्षात आलं की कमळाबाईला भुताळी ठरण्यापासून वाचवण्यासाठी त्यांनी जी मूठ झाकली होती, तिच्यात दुसरी एक पोर गुदमरत होती. मूठ उघडावी तर दिलेला शब्द मोडतो. न उघडावी तर मैना आयुष्यभर पांढऱ्या पायाची. सुनिता म्हणाली, मावशीला सांगू या, ती काय म्हणते बघू. डॉक्टर म्हणाले, सांगणं म्हणजे तिच्या मानेवर ओझं ठेवणं. ते आपण ठेवायचं नाही. दोघं त्यावर भांडले, आणि भांडून काही ठरलं नाही.

कमळाबाईला कुणी सांगायची गरजच नव्हती. ज्या बाईला पट्ट्यातल्या प्रत्येक नवरीच्या मावशीचं नाव माहीत, तिला ट्रंक घेऊन सुकापूरला गेलेली पोर माहीत नसेल होय? दुसऱ्या दिवशी गोळी घेताना तिनं डॉक्टरांना विचारलं, पाटलाच्या पोरांचा ताप माझ्या हातचा काय? डॉक्टरांनी खोटं बोलायचं मनात आणलं होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यांना ते जमलं नाही. ते एवढंच म्हणाले की शब्द दिलाय, तुमची गोष्ट तुमची आहे, माझ्याकडून बाहेर जाणार नाही. तिनं गोळी गिळली, वर पाणी प्याली, आणि पेला नेहमीप्रमाणे स्वतःच धुऊन पालथा घातला.

पुढचं लग्न बळीरामच्या घरी होतं. बळीराम हा बुधाजी पाटलांचा चुलतभाऊ, म्हणून पाटील सहकुटुंब मांडवात पहिल्या ओळीला. दुपारची वेळ, ऊन कापडी मांडवातून गाळून पिवळं पडलेलं. डॉक्टरांना खुर्ची दिली होती. सुनिता बायकांत बसली होती. कळशी आणली गेली, बळीरामच्या आईनं उकळलेल्या पाण्यात गूळ चमच्यानं हलवला, आणि घरची माणसं ओंजळी करून पुढं आली. कमळाबाईनं गूळपाण्याचा धवला उचलला. पहिली ओळ जुनीच होती. दुसरी ओळ आली तेव्हा मागच्या बायका, ज्या नेहमी तिच्या मागून ओढायच्या, त्या अडखळल्या. ती ओळ त्यांना येत नव्हती, कारण ती कुणीच कधी गायली नव्हती.

पोरीचा पाय गो पांढरा नाय,
मेंदीनी लाल हाय माजे बाय.
गुलाचा गोडवा वाटलान ज्यानी,
तापाचा वाटा बी दिलान त्यानी.
कोनाचा हात त्यो इचारा कोनी,
माजाच हात त्यो, माजंच पानी.

ती मध्ये थांबली नाही, आवाज खाली आणला नाही. नेहमी जसं नवरीला सासरी कसं वागायचं ते सांगायची, त्याच चालीवर तिनं सगळं सांगितलं. की पोटात रोग आहे. की ठाऊक नसताना तो पाजला. की डॉक्टरनं तपासून काढला आणि आता ती गोळ्या खातेय. एकेक घर नाव घेऊन मोजलं, आणि प्रत्येक घराच्या शेवटी त्या घरच्या पोरीला त्या दोषातून मोकळं केलं. सुकापूरची मैना तिनं शेवटी ठेवली होती.

गाणं संपलं. मग एका बाईनं आपल्या मुलाला ओढून मागं घेतलं. दुसरीनंही घेतलं. कमळाबाईच्या भोवती, ती बसल्या बसल्या, एक रिकामं वर्तुळ तयार झालं. कुणीतरी मागून हळू आवाजात तो शब्द उच्चारला, भुताळी. कमळाबाई उठली, पाटलांसमोर गेली, पण हाताच्या अंतराच्या बाहेर उभी राहिली.

"पाटला," ती म्हणाली, "तुजी सून आन. घरान बसवाची तं मना बसव."

तिनं मांडवाच्या खांबाजवळच्या चपला पायात घातल्या आणि उन्हात चालू लागली. डॉक्टर खुर्चीतून उठले. बाई महिन्याभरात स्वच्छ होईल, तिच्याजवळ बसल्यानं कुणाला काही होत नाही, हात धुतले की पुरे, असं काहीबाही ते बोलले. खरं तेच बोलले, पण ते कुणी ऐकलं नाही. लोक उन्हात जाणाऱ्या बाईकडे बघत होते. डॉक्टरांना त्या क्षणी फार स्पष्ट कळलं की आपण तिचं रक्षण करतोय असं समजून इतके दिवस जी राखण केली, ती राखण तिनं कधी मागितलीच नव्हती. तिनं मागितलं होतं ते पहिल्याच दिवशी, बाटल्यांच्या वेळी: सगळ्यांच्या पंक्तीत बसवा. तेवढं ज्यांना मिळालं नव्हतं त्या पोरींसाठी ती स्वतः पंक्तीतून उठली होती.

बळीरामच्या घरचं लग्न अर्धवट आठवणाऱ्या धवल्यांवर कसंबसं पार पडलं. हळदीचं गाणं उंबराच्या जागी गायलं गेलं, मानाचा नारळ भलत्याच आत्याच्या हाती गेला, आणि त्यावरून सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

मैनाला आणायला पाटील स्वतः गेले. शरमेनं गेले असं म्हटलं तर त्यांचा गौरव होईल. भर मांडवात गायलेल्या गोष्टीपुढं गावकीत बोलायला काही उरलं नाही, म्हणून गेले. मैना लगेच आली नाही. गोरख स्वतः येईल तेव्हा येईन, असं तिनं बापाच्या मागून सांगितलं. मग गोरखचा अशक्तपणा एका दिवसात बरा झाला. दत्ताही पावसाच्या आधी घरी आला, काठी टेकत, पण आला.

कमळाबाईला त्या हंगामात एकाही घरानं बोलावलं नाही. तिच्या दारावरून जाताना बायका पदर सावरायच्या. विहिरीवर तिची कळशी शेवटी लागायची, आणि तीही ती तशी शेवटी लावायची. सुनिता रोज गोळी द्यायला जायची आणि तिच्या घरचा चहा पिऊन यायची. चहा उकळलेला असतो, त्याला काय होतंय, असं ती जाताना मुद्दाम रस्त्यात उभी राहून मोठ्यानं सांगायची. डॉक्टरही दोनदा-तीनदा प्याले. चहात गूळ असायचा आणि तो फार गोड असायचा.

मांडवातल्या गाण्याची बातमी अलिबागला पोचली आणि तिथून पत्र आलं. साथीचं मूळ असलेल्या व्यक्तीला अलग का ठेवलं नाही, आणि नाव वेळेवर का कळवलं नाही, याचा खुलासा मागितला होता. डॉक्टरांनी लिहिलं की रोग हातातून जात होता, म्हणून हात बंद केले. बाई बंद करायचं कारण नव्हतं. हा खुलासा साहेबांना पटला नसावा, कारण बदलीचा कागद आला तो पुण्याचा नव्हता. तो त्याच उंबरटोकमध्ये आणखी मुदत वाढवल्याचा होता. डॉक्टरांनी कुमुदला पत्रातून सगळं कळवलं, तिनं त्यावर फार काही लिहिलं नाही. सुट्टीत मात्र ती स्वतः आली, आणि आल्या आल्या तिनं विचारलं की ती बाई कुठं राहते.

पावसाळा गेला. पुन्हा पुन्हा बाटल्या मुंबईला गेल्या, या वेळी एकीच्याच, आणि सुनितानं त्याही लोणचं म्हणून नेल्या. सगळ्या निर्दोष आल्या. डॉक्टरांनी आरोग्य केंद्राच्या पायरीवर उभं राहून ते सगळ्यांना सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि आपापल्या घरी गेले.

पुढच्या हंगामात पहिलं बोलावणं आलं ते सुकापूरहून, मैनाच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं. मैना स्वतः आमंत्रण घेऊन आली. कमळाबाई गेली. डॉक्टर, सुनिता आणि पुन्हा सुट्टीला आलेली कुमुद, तिघंही गेली. मांडवात कळशी आणली, गूळ आणला, आणि सगळे कमळाबाईकडे बघायला लागले. ती आता मोकळी होती, तिचा नेम संपला होता. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तू पाज," ती मैनाला म्हणाली. "पानी उकललंय ना?"

मैनानं पाजलं. घरचे प्याले, आणि सगळ्यात शेवटी कमळाबाईनं तिच्यापुढं ओंजळ केली. मग ती गायला लागली. आवाज तसाच, खाडीपार जाणारा.

परतताना एस.टी.त डॉक्टर मनाशी बेरीज करत होते. मैनाला सासर परत मिळालं. दत्ताला काठीविना चालणारे पाय मिळाले. पाटलांना सून मिळाली आणि त्यांच्या खिशातून एस.टी.च्या भाड्याखेरीज काही गेलं नाही. गावाला उकळलेलं पाणी मिळालं, तेही देवाच्या नावावर, म्हणजे टिकणारं. अलिबागच्या साहेबांना साथ आटोक्यात आल्याचा आकडा मिळाला. डॉक्टरांची बदली गेली. ती गेल्याचं आता त्यांना फारसं वाटत नव्हतं, म्हणून ती खर्चात धरावी की नाही यावर ते अडले. आणि सासूनं हातात दिलेली, आयुष्यभर जपलेली गूळपाण्याची ओंजळ कमळाबाईनं दुसरीच्या हातात देऊन टाकली. हंगाम दिला, विहिरीवरचा पहिला नंबर दिला, नाव दिलं. नाव थोडंथोडं परत येत होतं. ओंजळ आली नाही, आणि तिनं ती मागितलीही नाही.

कुमुदनं विचारलं, कसला विचार करताय?

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांचं मिळून एकटीनं भरलं."